मुदत टळलेली बोट

मु. पो. नेहमीचे, ता. जि. रत्नागिरी
श्रावण वद्य चतुर्दशी, सन १९८६

ती. खंडूभावोजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे महिपतचा, नमस्कार. इकडे सर्व सुखरूप आहे असे पहिल्या ओळीत लिहायचे असते म्हणून लिहिले आहे. पत्र वाचून संपेपर्यंत ते खरे धरावे. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो वाजतो असे कमळाताईने मागच्या पत्रात लिहिले होते. तो आवाज बाहेर ऐकू येतो की फक्त तुम्हाला, हे मात्र तिने लिहिले नाही, आणि मी दोन दिवस त्याच काळजीत होतो. (बाहेर ऐकू येत असेल तर डॉक्टरला दाखवावा. फक्त तुम्हालाच येत असेल तरीही दाखवावा.) ताईला या वर्षी गौरीला माहेरी पाठवावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. बाकी विशेष नाही. ओळी तिरक्या गेल्या आहेत त्याबद्दल क्षमा असावी. माझा चष्मा चार दिवसांपासून सापडत नाही. हे पत्र जुन्या चष्म्याने लिहितो आहे. त्याची एक काच दहा वर्षांपूर्वीच्या नंबराची आहे आणि दुसरी नाहीच.

विशेष नाही असे लिहिले, पण थोडे आहे. मी घाबरलेला आहे. तसा मी नेहमीच घाबरलेला असतो हे तुम्ही जाणता (तुमच्या लग्नात बँडवाल्याने मोठा ढोल वाजवला आणि नवरीचा भाऊ मांडव सोडून गेला, हे तुम्ही अजून लोकांना सांगता), पण या वेळची भीती निराळी आहे. तिला तारीख आहे.

चौदा वर्षे मी इथल्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर आहे, आणि त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या कडेला, मुंबईकर मंडळाच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. डाव्या हाताला शिक्के, उजव्या हाताला दोनशे चौदा पुस्तकांचे कपाट. पुस्तकांची मला कधी भीती वाटली नाही. तारेची वाटते. आपल्या गावात खुशालीची तार कोणी करत नाही. तार म्हणजे मयत. चौदा वर्षांत मयताच्या अकरा तारा आल्या आणि अकराही मीच वाचून दाखवल्या, कारण इंग्रजी वाचणारा मीच. तेव्हापासून मी रस्त्याने चाललो की बायका दारात थांबतात आणि आधी माझ्या हातांकडे बघतात. म्हणून मी दोन्ही हात मोकळे, जरा पुढे धरून चालतो. परगावचा माणूस मला आंधळा समजतो.

आमच्या भावकीतल्या आवडावहिनींचा शिवा तुम्हाला आठवेल. तुमच्या लग्नाच्या पंगतीत मीठ वाढता वाढता झोपला होता, तो. गेल्या वैशाखात त्याचे लग्न झाले. मुलगी वेळणेश्वरकडची, राही. ज्येष्ठात तो बोटीवर गेला. बोट जुनी, मालक परदेशी, तिचे नाव कोणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून गावात तिला शिवाची बोट म्हणतात. (शिवा तिच्यावर इंजिनाला तेल घालतो. कप्तानाला हे कळले तर काय वाटेल कोण जाणे.) मोंबासाला काजू भरायचे आणि कोचीनला उतरवायचे. परसातली काजूची झाडे सोडून आमचा पोर काजू आणायला आफ्रिकेत गेला, असे वहिनी तेव्हा सगळ्यांना हसत सांगत. आता सांगत नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तार आली. (तार रत्नागिरीपर्यंत विजेच्या वेगाने येते आणि तिथून पुढे तीनच्या एस.टी.ने.) केरू पोस्टमन ती एकट्याने घेऊन जायला तयार होईना, म्हणून आम्ही दोघे गेलो. वहिनींनी आम्हाला बांधावरून येताना पाहिले असावे. आम्ही अंगणात पाऊल टाकायच्या आधीच आतून हंडे उपडे करण्याचा आवाज आला. मयताच्या घरात भरलेले पाणी ठेवत नाहीत. चुलीवरचा भातही त्यांनी माडाच्या आळ्यात ओतला आणि मग पायरीवर बसून म्हणाल्या, "आता वाच." राही दाराच्या आत उभी होती. तिचा फक्त हात दिसत होता, चौकटीवर धरलेला.

तारेत दोनच गोष्टी होत्या. वेसल ओव्हरड्यू कोचीन. लेटर फॉलोज. माझा जीव भांड्यात पडला, कारण ओव्हरड्यू हा शब्द मी रोज लिहितो. मंडळाने वाचनालयासाठी मुंबईहून छापून पाठवलेल्या वहीत तो एका रकान्याचा मथळाच आहे. मी सांगितले, वहिनी, मयत नाही. उशीर झाला आहे. बोट यायच्या दिवशी आली नाही, एवढेच.

वहिनी म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून तार करतात काय रे महिपता? आपली एस.टी. रोज उशिरा येते. कोण तार करतो?"

  पण संध्याकाळी राही विहिरीवर गेली आणि तिने सगळे हंडे पुन्हा भरले.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर भावकी बसली. आमची भावकी बत्तीस घरांची आहे, म्हणजे बत्तीस गणपती. मूर्ती गणपतीच्या शाळेत तयार आहेत, फक्त डोळ्यांची आखणी बाकी. मुंबईकरांच्या गाड्या ठरलेल्या आहेत. आणि चतुर्थीच्या तोंडावर भावकीत मयत कळले तर दहा दिवस सुतक बत्तीस घरांना. बत्तीस गणपती शाळेतच, डोळ्यांवाचून. तेव्हा शिवाबद्दल दुःख नव्हते असे कोणी समजू नये. दुःख होतेच, पण त्याला चतुर्थीची तारीख चिकटलेली होती आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हते.

तिथे दाजी बोलले. दाजी म्हणजे भावकीतले सर्वांत मोठे. तरुणपणी तीन वर्षे खलाशी होते, एडनपर्यंत गेले होते, आणि गेली चाळीस वर्षे गोष्टींतून तिथून परत येत आहेत. ते म्हणाले, बोटीच्या कंपनीकडे असे दोन शब्द असतात. आधी ओव्हरड्यू लावतात. मग मिसिंग लावतात. दुसरा लावला की ऑफिसातले साहेब उठून टोपी काढतात. मग इकडे जे काय करायचे ते करायला मोकळे. हे ऐकून ओट्यावरचे सगळे एकदम माझ्याकडे वळले. दोन्ही शब्दांचा गावातला मालक मीच. माझ्या वहीत शेजारी शेजारी हेच दोन रकाने आहेत.

मी वही आणली. शब्दकोशही आणला. शब्दकोशात पहिल्याचा अर्थ मुदत टळलेला. दुसऱ्याचे अर्थ हरवलेला, बेपत्ता, गैरहजर. "गैरहजर तर शिवा आतापण हाय," कोणीतरी म्हणाले आणि मी शब्दकोश मिटला. मग वहीवरून समजावले. पुस्तक पंधरा दिवसांत परत आले नाही की पहिल्या रकान्यात. उदाहरणार्थ दाजींकडे सात वर्षे असलेले कोंबडीपालनाचे पुस्तक. ते मुदत टळलेले आहे, पण गहाळ नाही, कारण ते दाजींच्या पलंगाच्या पायाखाली आहे हे सर्वांना ठाऊक आहे. (दाजींनी इथे खाकरून समुद्राकडे पाहिले.) दुसरा रकाना निराळा. मंडळाचा नियम सातवा: वर्षभर वाट पाहून, चौकशी करून, मग ते पुस्तक दुसऱ्या रकान्यात घालून खोडायचे.

"म्हंजे बोटीला वर्ष हाय?" दाजींनी विचारले.

भावोजी, इथे मी नाही म्हणायला हवे होते. पुस्तक आणि बोट एक नव्हे. पुस्तक पाण्यात चालत नाही, आणि कंपनीचा नियम कितवा आहे मला ठाऊक नाही. पण बायकांच्या घोळक्यात राही उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, हातांकडे नव्हे. मी मान हलवली. ती मान कोणत्या दिशेने हलली हे मला नीट आठवत नाही, पण सर्वांनी होकार धरला.

नंतर राही वाचनालयात आली. तिने विचारले, काका, दुसऱ्या रकान्यातले कोणी परत आले आहे काय? मी तिला एक स्तोत्रांचे पुस्तक दाखवले. ते मी चौऱ्याहत्तर साली खोडले होते आणि सहा वर्षांनी ते एका घरच्या भाताच्या कणगीत तळाशी सापडले. आता अडचण अशी की वहीत पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जायची सोय आहे, दुसऱ्यातून परत यायची नाही. तेव्हा वहीप्रमाणे ते पुस्तक नाही, कपाटाप्रमाणे आहे. राहीने ते उघडले. पानांच्या बेचक्यात अजून भाताचे तूस होते. तिने ते तसेच राहू दिले आणि पुस्तक स्वतः कपाटात ठेवले.

माझ्या नियमावर भावकीचे पूर्ण समाधान झाले नव्हते, म्हणून ग्रामदेवतेला कौल लावायचे ठरले. गुरवाची अडचण अशी की देवाला इंग्रजी शब्द कसे विचारायचे. त्याने दोन्ही शब्द म्हणून पाहिले, मग म्हणाला, देवाला दोनच वाटा कळतात, उजवी आणि डावी. उजवी पाकळी पहिला शब्द, डावी दुसरा. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. सगळे श्वास धरून बसले. मी डोळे मिटले होते. (गाऱ्हाण्यात गुरवाने देवाला, पोस्टमास्तराने सांगितल्याप्रमाणे, असे दोनदा म्हटले. देवासमोर माझे नाव अशा कामात गुंतावे हे मला आवडले नाही.) बऱ्याच वेळाने कोणीतरी हुश्श म्हणाले तेव्हा कळले की उजवी पडली. पहिला शब्द. बायकांनी पदराला गाठ मारली. घराकडे वळताना दाजी म्हणाले, "आजच्यापुरता," आणि सगळ्यांचे पाय थांबले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशीही. तिन्ही वेळा उजवी. चौथ्या दिवशी गुरवाने नकार दिला. रोज तेच विचारले तर कोणीही कंटाळून उलटे उत्तर देईल, असे तो म्हणाला, आणि त्यात मला तथ्य वाटले.

त्यानंतर राहीने बुरुडाकडे सुपे सांगितली. तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून ओवसा भरते. पाच सुपे, त्यांत पाने, फळे, हळदकुंकू, आणि ती गौरीपुढे ओवाळायची. ते काम नवरा असलेल्या बाईचे. पहिला ओवसा राहिला तर राहिला, तो दुसऱ्या वर्षी पहिला होत नाही. सुपे आली आहेत. वहिनींच्या पडवीत दोरीवर एका ओळीत टांगलेली आहेत. मी हल्ली त्या वाटेने जात नाही.

आता गेल्या चार दिवसांबद्दल. गाव माझ्याशी विचित्र वागते आहे आणि मला त्याची फार भीती वाटते. आधी दाजी आले. कोंबडीपालनाचे पुस्तक त्यांनी पंचात गुंडाळून आणले होते, त्यावर पलंगाच्या पायाचा गोल वळ होता. सात वर्षांनी दाजी पुस्तक परत करतात म्हणजे त्यांना मरणाची चाहूल लागली असावी, असे मला वाटले. पण ते पुस्तक ठेवून गेले नाहीत. माझ्यासमोरच्या बाकावर बसून त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतले. रोज टपालाची थैली यायच्या वेळी येतात आणि कुलूप लावेपर्यंत वाचतात. पान उलटताना दर वेळी माझ्याकडे बघतात. काल मी कपाटाजवळ गेलो तर विचारले, "काय हवंय?" मी म्हटले, काही नाही. "मग बस," ते म्हणाले. माझ्याच डाकघरात.

मग आवडावहिनी आल्या. वहिनींना अक्षरओळख नाही. त्यांनी कपाटासमोर उभे राहून विचारले, ह्यातलं शब्दांचं जाड पुस्तक कुठचं? मी शब्दकोश दाखवला. "तोच दे." मी म्हटले, वहिनी, याचे काय करणार? "वाचणार," त्या म्हणाल्या आणि वहीत अंगठा उठवून शब्दकोश डोक्यावर घेऊन गेल्या, जळण नेतात तसा.  त्याच दिवशी माझा चष्मा गेला. आमच्या घरच्या मंडळींना, म्हणजे गोदाला, विचारले तर म्हणते, कुठे जातोय, मिळेल गौरी गेल्यावर. चष्म्याचा आणि गौरीचा संबंध मला कळला नाही. केरू तर माझ्याशी बोलायचाच बंद झाला आहे. थैली उघडताना भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. भिंतीवर टपालखात्याचे नियम माझ्या अक्षरात लावलेले आहेत, ते वाचतो आहे असे दाखवतो.

यांना माझा कसला तरी संशय आला आहे. कसला ते मी लिहू शकत नाही.

असो. ताईला गौरीला पाठवावे. गुडघ्याला तीळतेल चोळावे, जोराने नव्हे. मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र
महिपत

ता. क. तीनची गाडी अजून आली नाही, थैली इथेच आहे, म्हणून आणखी दोन ओळी. तुम्ही मुंबईच्या गोदीत कामाला आहात. शिवाच्या कंपनीचे ऑफिस तिथून लांब नसावे. एकदा सहज जाऊन, आपण कोणीच नाही अशा चेहऱ्याने, त्या बोटीला सध्या कोणता शब्द लावला आहे एवढे विचारावे. पहिला असेल तर मला तार करावी. साधी नव्हे. साध्या तारेने वहिनी पुन्हा पाणी ओततील. शुभेच्छांची करावी, तिच्या कागदावर फुले छापलेली असतात, ती लांबूनही ओळखू येते. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवाव्यात. भाद्रपदात दिवाळीची तार आली तर गाव तुम्हाला वेडा म्हणेल. ते सोसावे. दुसरा शब्द असेल तर काहीच पाठवू नये.

ता. क. दुसरा. साडेतीन झाले. गाडी नाही. दाजी आज बाकावरच पेंगत आहेत, म्हणून खरे ते लिहितो. तारेत पत्र येत आहे असे म्हटले होते. ते आले. चार दिवसांपूर्वी थैलीतून लांब पाकीट निघाले, कंपनीचे, राहीच्या नावाचे. मी ते दिलेले नाही. उघडलेलेही नाही. चौदा वर्षांत मी कोणाचे टपाल एक दिवसही अडवले नाही. टपाल अडवणे हा गुन्हा आहे, तो भिंतीवर पाचवा आहे. पाकीट जड आहे. पहिला शब्द तारेत मावला होता. एवढे जड पाकीट कंपनी कशाला पाठवील? मी ते त्या स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवले आहे, वहीप्रमाणे जे नाही त्यात. माझ्या मनात गणपती नव्हते, हे तरी खरे मानावे. मला तिला ते वाचून दाखवायचे नाही. अकरा तारा वाचल्या, बारावी वाचली, आता पुरे. रोज तीन वाजता ती येते, खिडकीशी उभी राहते, काही विचारत नाही, आणि मी नाही अशी मान हलवतो. ही मान मात्र कोणत्या दिशेने हलते ते मला नीट ठाऊक आहे.

ता. क. तिसरा. सव्वाचार. वरचे सर्व चुकीचे निघाले. म्हणजे खरे आहे, पण गुपित नाही. केरू थैलीला दोरी लावायला आला आणि मी घाबरून त्याला विचारले, तू माझ्याशी बोलत का नाहीस? तो म्हणाला, "बोललो तर पाकिटाचं निघंल तोंडातून." कसले पाकीट? "अहो मास्तर, थैली मी आणतो ना? सगळ्या भावकीला ठाऊक हाय." दाजी तेवढ्यात जागे झाले. झोपले होते की नाही, देव जाणे. मग सर्व कळले. लांबचे सुतक लागते ते बातमी ऐकल्यापासून. जी बातमी ऐकलीच नाही तिचे सुतक नाही. पाकीट वाचणारा गावात एकच. म्हणून दाजी माझ्यावर पहारा करत होते. वहिनींनी शब्दकोश नेला, की मी पाकीट फोडलेच तरी मला अर्थ लागू नये. (अर्थ न लागलेल्या बातमीचे सुतक धरायचे की नाही, यावर गुरवाचे आणि दाजींचे एकमत नाही.) गोदाने चष्मा भाताच्या कणगीत ठेवला आहे. मी त्यांना घाबरत होतो आणि बत्तीस घरे मला घाबरत होती. "कोंबड्यांचं तिसऱ्यांदा वाचतोय," दाजी म्हणाले. "तुझ्यापायी मला खुराडं बांधता यायला लागलं. फोडू नको हां, महिपता." मी विचारले, आणि राही? तिला ठाऊक आहे? दाजींनी पंचाने तोंड पुसले. तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे कसे, हे कोणालाच कळले नव्हते.

ता. क. चौथा, आणि यापुढे जागा नाही. पाच वाजायला आले. राही नेहमीप्रमाणे तीनला आली नव्हती म्हणून मी जरा निश्चिंत होतो. ती आत्ता आली. खिडकीशी थांबली नाही, आत आली. म्हणाली, "काका, ते वहीत नसलेलं पुस्तक द्या." (रोज नाही म्हणून मान हलवताना माझी नजर त्या पुस्तकाकडे जात असावी, ते तिने हेरले होते.) दाजी उठून बाहेर गेले. केरू त्यांच्यामागे. मी पुस्तक दिले.  तिने पुस्तक उघडले, पाकीट काढून हातावर तोलले, मागचीपुढची बाजू पाहिली. स्वतःचे नाव तिला वाचता येते. मी म्हटले, चष्मा कणगीत आहे, शब्दकोश तुझ्या सासूकडे आहे, दोन्ही आणतो. ती म्हणाली, "सासूबाई तो उशाला घेतात. झोप लागत नाय त्यांना."

मग विचारले, "काका, यात दुसरा शब्द असेल तर गौरी गेल्यावरपण तोच असेल ना?"

मी म्हटले, असेल.

"आणि पहिला असेल तर?"

तोही असेल.

"मग माझी सुपं भरून होऊ देत." तिने पाकीट पुन्हा तुसाच्या पानात ठेवले आणि माझ्यासमोर वही उघडली. "हे तुमच्याकडे राहिलं तर त्याची नोंद नको? उगाच तुमच्यावर येईल." म्हणून तिच्यासमोर लिहिले. वस्तू: पाकीट, एक. मालक: राही. कोणाकडे: महिपत. परत करण्याची तारीख: गौरी जातील त्याचा दुसरा दिवस. तिने बोटाने पुढचे दोन रकाने दाखवले आणि विचारले, आता हे कुठल्या रकान्यात? मी सांगितले, कुठल्याच नाही, अजून मुदतीत आहे. तिने ते रिकामे रकाने बराच वेळ पाहिले. "बरं," म्हणाली आणि गेली. जाताना खिडकीबाहेरच्या दाजींना म्हणाली, "बसा आता खुशाल, कोण काय फोडत नाय." दाजींनी पुस्तक उलटे धरले होते.

तेव्हा पहिला ताजा कलम रद्द समजावा. कंपनीत जाऊ नये, कोणाला काही विचारू नये, फुलांची तार करू नये. त्याऐवजी गौरी जातील त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः इथे या. ताईला पाठवा म्हणून लिहिले ते एवढे लिहायचा धीर होत नव्हता म्हणून. गुडघा वाजत असला तरी या. पाकीट राही फोडील, वाचायचे मला आहे, आणि वाचताना माझ्या शेजारी कोणीतरी उभे हवे.

तीनची गाडी वळणावर दिसली. केरू थैली बांधतो आहे.

महिपत